ऑटिझम, रिकामा खिसा आणि आई-बापाचं मन



ऑटिझमवर मराठीत आता बऱ्यापैकी लिहिलं जातं. मूल नजरेला नजर का देत नाही, बोलायला उशीर का होतो, हे पेपरच्या पुरवण्यांत वाचायला मिळतं. लेखाच्या शेवटी सल्ला ठरलेला असतो: थेरपी लवकर सुरू करा आणि पालकांनी खचून जाऊ नका. पण थेरपीचे पैसे कुठून आणायचे, आणि ते आणता आणता माणूस खचला तर त्याला जबाबदार कोण, यावर फारसं कोणी बोलत नाही. आम्ही नवरा-बायको दोघंही चळवळीत वाढलो. आमचा सात वर्षांचा मुलगा ऑटिस्टिक आहे. म्हणून हे आम्ही दोघांनी मिळून लिहितो आहोत.

आधी हिशोब मांडतो, कारण आपल्या घरांत दुःखाआधी हिशोब येतो. आमच्यापैकी एक जण कंत्राटी नोकरीत आहे, पगार महिना 22,000. दुसरी खाजगी लॅबमध्ये 14,000 वर होती. मुलगा चार वर्षांचा असताना निदान झालं. त्याच्यासोबत दिवसभर कोणीतरी पाहिजे, म्हणून लॅबची नोकरी सुटली. म्हणजे खर्च वाढायच्या आधीच घरातलं उत्पन्न 36,000 वरून 22,000 वर आलं. स्पीच थेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपी मिळून आठवड्याला तीन सेशन, एका सेशनचे 700 रुपये, महिन्याचे 8,400. घरभाडं 7,000. उरले 6,600. त्यात किराणा, गॅस, वीज, उल्हासनगरहून ठाण्याला जाण्या-येण्याचा खर्च आणि गावाकडे आईच्या औषधांचे पैसे. पहिल्या वर्षी बोरमाळ सोनाराकडे गहाण पडली. दुसऱ्या वर्षी बचत गटाचं कर्ज काढलं. तिसऱ्या वर्षी तीन सेशनचं एक केलं.

आता हा हिशोब मनाचं काय करतो ते ऐका. सेशनमधून मुलगा बाहेर आला की पहिला प्रश्न मनात येतो, आज काय शिकला? हा प्रश्न प्रेमाचा वाटतो, पण त्याच्या पोटात 700 रुपये असतात. मुलाने नवा शब्द उच्चारला तर पैसे वसूल, नाही उच्चारला तर वाया. पोटच्या पोराकडे असं पाहायला लागणं, हे दारिद्र्याने आमच्यावर लादलेलं सगळ्यात वाईट काम आहे. मग त्याचीच शरम वाटते. शरमेने झोप जाते. झोप गेली की दुसऱ्या दिवशी एकमेकांवर खेकसणं होतं. भांडण मुलावरून सुरू होतं आणि खोलात गेलं की विजेच्या बिलावर निघतं. नातेवाइकांच्या लग्नाला जाणं बंद होतं, कारण आहेराला पैसे नाहीत आणि मुलाला गर्दी सोसत नाही. हळूहळू घराला बाहेरून कडी लागल्यासारखं होतं. पुरुष माणूस गप्प होतो, बाई आतल्या आत रडते. याला लोक स्वभाव म्हणतात. आम्ही याला आजार म्हणतो, आणि तो पैशाच्या ओढाताणीतून येतो असंही म्हणतो.

आमच्या मुलाचा यात काही दोष नाही. तो घरभर पंखे बघत फिरतो, लोकलच्या सगळ्या स्टेशनांची नावं क्रमाने सांगतो, हसला की घर उजळतं. ऑटिझम हा मेंदूच्या घडणीतला वेगळेपणा आहे. त्याच्यासोबत जगता येतं. उधारीसोबत जगणं अवघड जातं.

आणि आमचं घर तरी महिन्याच्या पगारावर चालतं. नाक्यावर उभा राहणारा मजूर, चार घरची धुणीभांडी करणारी माऊली, कंत्राटी सफाई कामगार यांना सेशनची फी तर द्यावी लागतेच, वर त्या दिवसाची मजुरीही बुडते. आपल्या समाजातले किती लोक अशा बिनरजेच्या कामात आहेत, हे तुम्हाला सांगायला नको. ऑटिझम जात बघून येत नाही. पण निदान कधी होणार, थेरपी किती मिळणार, हे जात आणि वर्ग मिळूनच ठरवतात.

त्यात भर दोषारोपाची. शेजारीण म्हणते मागच्या जन्मीचं पाप. कोणी बाबाकडे न्यायला सांगतो, कोणी नवस. पूर्वकर्माच्या या कल्पनेचं खंडन बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात केलं आहे. माणसाचं दुःख त्याच्या मागच्या जन्मावर ढकललं की आजच्या समाजाची आणि शासनाची जबाबदारी संपते, हे त्यांनी ओळखलं होतं. शिकलेले लोक मात्र वेगळ्या भाषेत तेच करतात: आईने लक्ष दिलं नाही, मोबाईल दिला. अमेरिकेत ब्रूनो बेटलहाइम यांनी 1967 च्या पुस्तकातून थंड, मायाहीन आईवर असाच ठपका ठेवला होता. बर्नार्ड रिमलँड हे स्वतः ऑटिस्टिक मुलाचे वडील. त्यांनी 1964 मध्येच ऑटिझमचं मूळ शरीरात असल्याचं मांडलं होतं, आणि पुढे विज्ञानाने आईवरचा आरोप फेकून दिला. आपल्याकडे तो अजून चाळीच्या जिन्यात उभा आहे.

कायदा काय म्हणतो? 1995 च्या अपंग कायद्यात सात प्रकार होते, त्यात ऑटिझम नव्हता. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात तो आला. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात 21 प्रकार झाले, त्यात ऑटिझम आहे. 40 टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाला 6 ते 18 वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. कागद भक्कम आहे. पण पैशाच्या वाटा बघा. आयकरात 75,000 रुपयांची वजावट मिळते, पण ज्याचं उत्पन्न करपात्रच नाही त्याला तिचा उपयोग शून्य. न्यासाच्या निरामय योजनेत एक लाखापर्यंत आरोग्य विमा आहे, पण आधी खिशातून भरा, मग बिलं लावून परत मागा. केंद्राच्या दिव्यांग निवृत्तिवेतनात केंद्राचा वाटा महिना 300 रुपये, तोही 80 टक्के दिव्यांगत्व आणि 18 वर्षं पूर्ण असतील तर. म्हणजे ज्या वयात थेरपीची गरज सगळ्यात जास्त, त्या वयात हात आखडता. योजना आहेत, पण त्या हातात खेळता पैसा असलेल्या घरासाठी आखल्यासारख्या आहेत.

म्हणून आम्ही हा प्रश्न दयेचा मानत नाही. 1928 साली मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभाच्या विधेयकावर बोलताना बाबासाहेबांनी मांडलं होतं की आईला मिळणारी विश्रांती राष्ट्राच्या हिताची आहे आणि तिचा भार शासनाने उचलायला हवा. मूल वाढवणं हे एकट्या आईचं खाजगी काम नाही, हा त्यातला विचार आहे. आजारपण आणि दिव्यांगत्वात शासनाने साहाय्य करावं, असं संविधानाचं कलम 41 सांगते. तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात मोफत थेरपी, सांभाळ करणाऱ्या पालकाला भत्ता, आणि मुलासोबत पालकांच्याही मनाची तपासणी, या मागण्या याच विचारातून येतात. माता रमाईंनी चार लेकरं गमावली. तेव्हा घरात काय ओढाताण होती हे आपण दरवर्षी भाषणांतून ऐकतो, डोळे पुसतो. आजच्या रमाईच्या ओढाताणीकडे बघायचं कोणी?

आता तुमच्याशी, चळवळीतल्या तरुणांशी. निवेदनं द्याच, पण उद्यापासून करता येतील अशी चार कामं सांगतो. पहिलं, आपल्या विहारात महिन्यातून एक रविवार यूडीआयडी आणि निरामयचे अर्ज भरून द्या. दुसरं, प्रमाणपत्रासाठी जिल्हा रुग्णालयात जाणाऱ्या आईसोबत एक कार्यकर्ता द्या. ताटकळणाऱ्या मुलाला सांभाळायला दुसरा माणूस असला तर तिचा अर्धा जीव भांड्यात पडतो. तिसरं, दोन तास मुलाला बघा आणि आई-बापाला झोपू द्या. ज्यांची झोपच उडाली आहे, त्यांना 14416 या टेली मानसच्या मोफत नंबरवर बोलायला सांगा, लाजू नका म्हणावं. चौथं काम ऐकायला कडू आहे. 14 एप्रिलच्या मिरवणुकीतल्या डीजेने आमचा मुलगा कान दाबून जमिनीवर लोळतो. आवाज त्याला अक्षरशः दुखतो. त्यामुळे बाबासाहेबांच्या जयंतीला आमचं घर दार लावून आत बसतं. मिरवणुकीचा एक तास तरी बिनआवाजाचा ठेवा. डीजेचे जे पैसे वाचतील, त्यात वस्तीतल्या एखाद्या लेकराची महिन्याची थेरपी निघेल.

समता म्हणजे सगळ्यांना एकाच मिरवणुकीत चालता येणं. ज्याला गोंगाट सोसत नाही आणि ज्याच्या बापाच्या खिशात सेशनचे 700 रुपये नाहीत, त्या पोराची जागा त्यात धरली आहे का, हे यंदाच्या जयंतीच्या बैठकीत विचारा. उत्तर काय मिळतं ते आम्हालाही कळवा.

जय भीम!