आर्वीच्या फियाटमधले तीन काटे

#थ्रेड

१/९
आर्वीतील एका जुन्या घराच्या पडवीत १९६८ सालची फियाट ११०० डिलाइट उभी आहे. ती घेणारे कापसाचे व्यापारी आज हयात नाहीत. गाडी पुन्हा चालती करावी, अशी त्यांच्या नातवाची इच्छा आहे. अडचण आहे ती डॅशबोर्डखाली स्क्रूने बसवलेल्या एका लोखंडी पट्टीची. तिच्यात तीन काटे आहेत : ऑइलचा दाब, पाण्याचे तापमान आणि डायनॅमोचा करंट. हे काटे कारखान्यातून आलेले नाहीत. ‘‘गाडी ओरिजिनल हवी असेल, तर आधी ही पट्टी उतरवा,’’ असे कारागिराने सांगितले. त्यावर आजींनी विचारले, ‘‘तुझ्या आबांनी स्वतः उभे राहून बसवून घेतलेले काटे नकली कसे?’’

२/९
या प्रश्नाचे उत्तर शोधताना त्या काळाकडे वळावे लागते. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यात ही गाडी तयार होत असे. पुढे १९७० च्या दशकात तिलाच ‘प्रीमियर पद्मिनी’ हे नाव मिळाले. परवाना राजवटीत नव्या गाडीसाठी वर्षानुवर्षे थांबावे लागे. आयातीवर निर्बंध होते. त्यामुळे हाती आलेली गाडी जपणे हा हौसेचा नव्हे, गरजेचा भाग होता.

३/९
त्या काळच्या अनेक छोट्या गाड्यांप्रमाणे या गाडीतही ऑइलच्या दाबासाठी आणि डायनॅमोसाठी केवळ इशाऱ्याचे दिवे होते. ऑइलचा दिवा दाब जवळजवळ संपल्यावरच लागतो. दाब हळूहळू उतरत असेल, तर तोवर दिव्याला त्याची खबर नसते. काटा मात्र ही उतरण आधीपासून दाखवतो. दिवा अपघात झाल्याचे सांगतो, काटा तो येत असल्याचे सांगतो.

४/९
वर्धा जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो. अशा उन्हात इंजिनाचे ऑइल पातळ होते आणि दाब घटतो. रेडिएटरमधले पाणी उकळले, तर हेड गॅस्केट जाते. गाडी तळेगावच्या रस्त्यावर भर दुपारी बंद पडली, तर मिस्त्री मिळेपर्यंत संध्याकाळ होणार. आबांनी काटे का बसवून घेतले, याचे कारण या उन्हात आणि या अंतरात आहे.

५/९
या काट्यांमागचे तत्त्व आर्वीला नवे नव्हते. पॅरिसच्या युजीन बूर्दाँ यांनी १८४९ मध्ये दाबमापकाचे पेटंट घेतले. धातूची वाकवलेली, चपटी नळी आतला दाब वाढला की सरळ होऊ पाहते आणि त्या हालचालीने काटा फिरतो. वाफेच्या इंजिनांत हेच मापक असे. १९१७ मध्ये सुरू झालेल्या पुलगाव–आर्वी नॅरोगेज रेल्वेचे चालक असाच काटा पाहत गाडी हाकत. ऑइलच्या दाबाचा यांत्रिक काटा त्याच नळीवर चालतो.

६/९
मालकाने स्वतः मापक जोडण्याची रीतही जुनी आहे. फोर्डच्या मॉडेल टी गाडीत तापमापक नसे. अमेरिकेत १९१२ च्या सुमारास हॅरिसन बॉइस यांचा ‘मोटोमीटर’ आला. रेडिएटरच्या झाकणावर बसणारा हा तापमापक चालकाला आसनावरून दिसे. लोकांनी तो हौसेने विकत घेऊन बसवला. आज तोच मोटोमीटर संग्राहक अभिमानाने मिरवतात.

७/९
मग ‘मूळ’ कशाला म्हणावे? वास्तूंच्या जतनासाठी झालेल्या १९६४ च्या व्हेनिस सनदेने सर्व कालखंडांतील भरींचा आदर राखावा, असे तत्त्व मांडले. ऐतिहासिक वाहनांच्या ‘फिवा’ या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१२ मध्ये स्वीकारलेली तुरिन सनदही वाहनाच्या आयुष्यात झालेल्या बदलांना इतिहासाचा भाग मानते. भारतातील २०२१ चे व्हिंटेज नोंदणीचे नियम ५० वर्षांहून जुने वाहन मूळ रूपात असावे, असे सांगतात; मात्र मोठ्या फेरबदलाची अट चॅसिस, बॉडी आणि इंजिन यांच्या संदर्भात आहे. चार स्क्रूंची पट्टी त्यांपैकी कशातच मोडत नाही.

८/९
तरीही सगळे जसेच्या तसे ठेवणे धोक्याचे ठरते. अशा जुन्या जोडणीत गाडीचा बराचसा करंट अँपिअर मीटरमधून जातो. वायरचा सांधा सैल असेल, तर तो तापून आग लागू शकते. ऑइलच्या काट्याची जुनी नळी फुटली, तर गरम ऑइल थेट पायांवर येते. पुराव्याचा आदर आणि माणसाचा जीव, दोन्ही सांभाळावे लागतात.

९/९
अखेर नातवाने पट्टी जागेवरच ठेवली. ऑइलच्या काट्याला नवी नळी दिली. अँपिअर मीटरची जोडणी तोडली. त्याचा काटा आता शून्यावर स्थिर आहे. मागच्या वायरिंगची छायाचित्रे काढून, कोणता भाग कधी बदलला याची नोंद वहीत केली. आजींच्या तोंडून कळले ते त्याच वहीत पहिल्या पानावर लिहिले.

आपल्याही घरी जुनी गाडी, रेडिओ किंवा शिलाई मशीन असेल, तर नंतर जोडलेला भाग काढण्यापूर्वी तो कोणी, केव्हा आणि कोणत्या अडचणीमुळे जोडला, हे विचारून घ्या. सांगणारी माणसे आहेत, तोवरच ते कळेल.