एकाच कुळातील दोघे

सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेत प्लेगची साथ उद्भवली. शेजारची वृद्ध बाई तापाने फणफणत असता माझी आजी मुलांना घेऊन नंदुरबारच्या गाडीत बसली. परतल्यावर ते दार बंदच दिसले. "जंतूला दया नसते, तशी त्या दिवशी मलाही नव्हती," असे ती आजही म्हणते.

ते शब्द मनात ठेवून मी प्लेगच्या जंतूविषयी वाचू लागलो. त्याची सुमारे ४६ लाख अक्षरांची जनुकसंहिता २००१ साली प्रसिद्ध झाली. बटाट्याचे खोड काळे पाडून कुजविणाऱ्या जंतूची संहिता २००४ साली उलगडली. दोघांचे मूळ कूळ एकच. पुष्कळ जनुके समान. परंतु एकाजवळ वनस्पतीची पेशीभित्ती विरघळविणारी विकरे आहेत. दुसऱ्याने पिसवेच्या पोटात तग धरण्याचे जनुक बाहेरून मिळविले आणि स्वतःची कितीतरी जनुके निकामी होऊ दिली.

जंतूला यात निवड नव्हती. माणसाला मात्र ती असते. २०२० च्या साथीत आजी रोज शेजाऱ्यांच्या उंबऱ्यावर जेवणाचा डबा ठेवून येई. त्यामागचे कारण आम्ही तिला कधी विचारले नाही.