रुळांच्या वाटेने

कळवा, मुंब्रा, दिवा, कल्याण या पट्ट्यात वाढणाऱ्या मुलाला घरातली पहिली ताकीद मिळते ती रुळांपासून लांब राहण्याची. शाळेत आम्हीही तीच देतो. म्हणून जुन्या रेल्वेमार्गावर लोक बायकामुलांसह फिरायला जातात, हे सातवीच्या मुलींना सांगितले तेव्हा त्यांना ते खरेच वाटेना.

अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात एलरॉय ते स्पार्टा हा मार्ग बंद पडला, रूळ निघाले आणि १९६७ साली तिथे सुमारे ५१ किलोमीटरची वाट पायी आणि सायकलने जाणाऱ्यांसाठी खुली झाली. वाटेत तीन बोगदे आहेत. सर्वांत लांब बोगदा आपल्या १९१६ च्या पारसिक बोगद्याहून थोडाच आखूड. तिथे सायकलवरून उतरायचे आणि बॅटरी घेऊन चालत जायचे. हे ऐकून एकीने विचारले, "सर, तिथे मुलींना एकट्या जाऊ देतात?"

आगगाडीला मोठा चढ सोसत नाही. त्यामुळे डोंगर फोडून, भराव घालून तिची वाट शक्य तितकी सपाट ठेवावी लागते. गाडी गेली तरी ही सपाटी मागे उरते, आणि ती गुडघे दुखणाऱ्यांच्या कामाची असते.

आमच्या अम्मींना डॉक्टरांनी रोज चालायला सांगितले आहे. कल्याणात त्या फजरनंतर गच्चीवरच फेऱ्या मारतात. खाली फुटपाथ आहे, पण तो दुकानदारांचा आणि मोटारसायकलींचा. गेल्या हिवाळ्यात आम्ही त्यांना माथेरानला नेले. अमन लॉजपासून रुळांच्या कडेने त्या थेट बाजारापर्यंत चालल्या. हातरिक्षावाल्याला म्हणाल्या, "राहू दे बेटा, इथे चढ आहेच कुठे?" ही गाडी अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी बांधली, १९०७ मध्ये ती सुरू झाली. तिचा चढ जास्तीत जास्त वीस फुटांना एक फूट.

ठाणे-कल्याणात रेल्वेला स्वतःलाच जागा पुरत नाही, नवे रूळ पडतच आहेत. इथे सोडून दिलेला मार्ग शोधणे व्यर्थ. पण कर्जतच्या पुढे बोरघाट आहे. १८६३ मध्ये खुल्या झालेल्या त्या मार्गावर खंडाळ्याजवळ गाडी थांबवून उलट दिशेने न्यावी लागे. १९२९ मध्ये नवे बोगदे झाले आणि ते रिव्हर्सिंग स्टेशन सुटले. जुन्या वाटेचे अवशेष अजून दिसतात. तिथला चढ सदतीस फुटांना एक फूट, म्हणजे माथेरानहून सौम्य. अम्मी चालू शकतील असा.

सध्या तिकडे जातात ते पाठीवर बॅगा घेतलेले तरुण. घरच्या मंडळींना न्यायचे तर आधी रेल्वेची परवानगी हवी, कारण तिच्या हद्दीत विनापरवाना शिरणे गुन्हा आहे. मग कठडे, पिण्याचे पाणी, आणि बायकांसाठी कुलूप नसलेले एक स्वच्छतागृह.