चौसाळ्यावर कोण सिनेमा काढणार?

दिवाळीत गावी गेलो होतो. दुपारची जेवणं झाल्यावर माझी पुतणी लॅपटॉप घेऊन शेजारी येऊन बसली. ती यंदा आठवीत आहे. "काका, तो पॅरिसचा सिनेमा लावा ना. एका तिकिटात अठरा सिनेमे म्हणाला होतात तो!"

दोस्तांनो, आधी या सिनेमाबद्दल सांगतो. 'पारी, ज तेम' हे त्याचं नाव. म्हणजे 'पॅरिस, माझं तुझ्यावर प्रेम आहे'. २००६ साली आलेला हा सिनेमा म्हणजे आपल्या दिवाळी अंकासारखाच प्रकार आहे. अंक एक, लेखक अनेक. पॅरिस शहराचे वीस विभाग आहेत आणि त्यांचे नंबर गोगलगाईच्या शंखासारखे मधून गोल गोल फिरत बाहेर जातात. प्रत्येक विभागात घडणारी पाच-सहा मिनिटांची एकेक प्रेमाची गोष्ट करायची, आणि प्रत्येक गोष्टीला दिग्दर्शक वेगळा, अशी मूळ कल्पना होती. शेवटी वीसातल्या अठराच गोष्टी सिनेमात राहिल्या.

प्रेमाची गोष्ट म्हटलं की तुम्ही खुदकन हसणार, मला माहीत आहे. पुतणीही हसली. पण यातल्या कितीतरी गोष्टींत बागेतली गाणीबिणी काहीच नाहीत. (आणि सगळ्या गोष्टी तुमच्या वयाच्याही नाहीत. एकीत तर चक्क रक्त पिणारी भुतीण आहे! म्हणून मी तिला चारच निवडून दाखवल्या.) एका गोष्टीत पाठीवर भलंमोठं दप्तर घेतलेला मुलगा आपले आईवडील एकमेकांना कसे भेटले ते सांगतो. दोघंही मूकनाट्य करणारे, तोंडाला पांढरा रंग फासलेले, आणि भेटले कुठे, तर तुरुंगात! दुसरीत एक बिचारा पर्यटक भुयारी रेल्वेच्या स्टेशनावर बसलाय. त्याच्या पुस्तकात लिहिलंय, इथे कुणाच्या डोळ्याला डोळा भिडवू नका. आणि तो नेमका भिडवतो. पुढे त्याची जी फजिती होते ती बघून पुतणी लोळायचीच बाकी राहिली. शेवटच्या गोष्टीत टपाल वाटणारी एक अमेरिकन बाई पॅरिसला एकटीच येते. बागेत बाकावर बसून सँडविच खाता खाता तिला वाटतं, आपण या गावाच्या प्रेमात पडलो. एवढीच गोष्ट.

पुढे न्यूयॉर्कवर असाच सिनेमा निघाला. त्यात मीरा नायर यांनी केलेल्या गोष्टीत आपला इरफान खान हिऱ्यांचा व्यापारी आहे. मग रिओ झालं, बर्लिन झालं. मुंबईवर २०२२ साली 'मॉडर्न लव्ह मुंबई' आलं. त्यात सहा गोष्टी आहेत आणि तीही सिनेमा नाही, मालिका आहे. मराठीत २०१५ साली 'बायोस्कोप' नावाचा चार गोष्टींचा सिनेमा आला होता, पण त्याचा धागा शहराचा नव्हता, कवितांचा होता.

हे सगळं ऐकून पुतणी म्हणाली, "म्हणजे सगळी मोठी मोठी शहरंच. चौसाळ्यावर कोण सिनेमा काढणार? इथं काय हाय?"

आता तुम्हाला चौसाळा कुठून माहीत असणार! बीडहून मांजरसुंब्याचा घाट चढून सोलापूरच्या रस्त्याला लागलात की वाटेत आमचं गाव येतं. एसटी थांबते, कुणी चहा पितं, कुणी सीताफळांची पाटी घेतं, आणि गाडी पुढे जाते. तेव्हा पुतणीचा प्रश्न काही अगदीच चुकीचा नव्हता. पण मी तिला म्हटलं, थांब, चौथी गोष्ट बघायची राहिली आहे.

ही गोष्ट वॉल्टर सालेस आणि डॅनिएला थॉमस या ब्राझीलच्या दोघा दिग्दर्शकांची. पहाटेचा अंधार. एक तरुण परदेशी बाई आपल्या तान्ह्या बाळाला पाळणाघरात सोडते. तिथे ओळीनं पाळणे. बाळ रडू लागतं. ती वाकून, बोटं नाचवत एक अंगाईगीत म्हणते. बाळ गप्प होतं. मग ती निघते. बस, गाडी, जिने, पुन्हा गाडी. संपता संपत नाही असा प्रवास करून ती एका श्रीमंत वस्तीतल्या घरी पोचते. मालकीण आतूनच सांगते, आज मला यायला तासभर उशीर होईल हं. तेवढ्यात त्या घरातलं बाळ रडायला लागतं. ही जाते, वाकते, आणि तेच गाणं म्हणते. तेच गाणं, तीच बोटं. नजर मात्र कुठेतरी दुसरीकडेच. संपली गोष्ट.

पुण्यात एका मित्राच्या खोलीवर मी हा सिनेमा पहिल्यांदा पाहिला, तेव्हा मी सत्तावीस वर्षांचा होतो. बाकीचे पुढची गोष्ट बघत होते आणि मी बाहेर जिन्यात जाऊन बसलो होतो. का, ते तेव्हा कुणाला सांगितलं नाही. तुम्हाला सांगतो.

माझे आईवडील ऊसतोडीला जायचे. आमच्या बीड जिल्ह्यातली हजारो घरं जातात. दिवाळी झाली की मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायला पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात साखर कारखान्यांवर जायचं, ते उन्हाळा लागल्यावर परत यायचं. नवरा-बायकोच्या जोडीला तिकडे म्हणतात 'एक कोयता'. माणसं दोन, मोजणीला कोयता एक! राहायला उसाच्या पाचटाची कोपी. पहाटेच्या अंधारात फडात जायचं, ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून वाहून गाडीत भरायच्या.

मी चौथीत होतो. शाळा बुडू नये म्हणून मला आज्जीजवळ ठेवलं आणि दीड वर्षांच्या धाकट्याला सोबत नेलं. तो अंगावर पीत होता, नेणं भागच होतं. पण नऊ वर्षांच्या पोराला हे कुठून कळावं? मला एवढंच कळलं, की माय त्याला घेऊन चालली आणि मला टाकून चालली. ट्रक रस्त्यावर उभा होता. भांडी, गाठोडी, कोंबड्या, माणसं, सगळी वर चढली. मायनं मला हाका मारल्या. मी गेलो नाही. पानाच्या टपरीमागे लपून राहिलो. ट्रक हलला तरी बाहेर आलो नाही.

चैत्रात ती परत आली तेव्हा तिच्या हातांना भेगा पडलेल्या होत्या. मी तिच्याशी चार दिवस बोललो नाही. पुढे बोललो, मोठा झालो, नोकरीला लागलो, पण ते कुठेतरी खुपत राहिलं. धाकट्याला झोळीत घालून ती उसाच्या फडात काय काय गात असेल, याचा मला कित्येक वर्षं हेवा वाटायचा. आणि मग त्या पॅरिसच्या बाईनं परक्या घरातल्या पाळण्याजवळ तेच गाणं पुन्हा म्हटलं, तेव्हा पहिल्यांदा माझ्या डोक्यात आलं, की गाताना मायची नजर कुठे असेल?

तर पुतणी ही गोष्ट बघत होती. माय मागे भिंतीला टेकून शेंगा फोडत होती. सिनेमाबिनेमाचं तिला वेड नाही. पण गाणं लागलं तशी ती सरकून पुढे आली. भाषा स्पॅनिश, खाली अक्षरं इंग्रजी. ती पडद्याकडे बघत राहिली. संपल्यावर म्हणाली, "हिच्या सोताच्या लेकराला दूध कोण पाजायलंय?"

पुतणी माझ्याकडे बघू लागली. मी काय सांगणार?

थोडा वेळ कुणीच बोललं नाही. मग मायच म्हणाली, "पयल्या साली तुला ठिवून गेलो, तव्हा गाडी वळणावर जाईपस्तोर म्या मागंच बगत व्हते."

छत्तीस वर्षांत हे आम्ही कधी बोललो नव्हतो. मी म्हटलं, "माय, मी होतो तिथंच. टपरीच्या मागं."

"मला माहीत व्हतं की," ती शेंगा सोलत म्हणाली. "उचलीच्या पैशातून दिवाळीला तुला हिरवी चड्डी शिवली व्हती. पोपटावानी. अख्खी टपरीच्या बाहीर दिसत व्हती."

पुतणी इतकी हसली, की शेंगांचं सूप उलटं झालं. मग आम्ही तिघं खाली बसून दाणे वेचायला लागलो.