उलटी वसुली

मुरबाडला रेल्वे नाही. सिद्धगडाखालचा माणूस थकलेला पगार मागायला निघाला की आधी नारिवलीहून म्हसा, म्हशाहून मुरबाड, मग एसटीनं कल्याण, आणि तिथं कामगार खात्याचं कार्यालय. मागणं असतं सहा-सात हजारांचं. एका फेरीत एक रोज बुडतो, भाडं वेगळं, आणि साहेब नेमके ठाण्याला मीटिंगला गेलेले असतात. हे गणित मालकाला पाठ असतं. म्हणून तो ‘देत नाही’ असं कधीच म्हणत नाही. ‘पुढच्या आठवड्यात ये’ म्हणतो, तेही गोड बोलून, वर चहा पाजून.

*

कामावरून काढलं, नोकरकपात झाली, राजीनामा दिला किंवा कारखानाच बंद पडला, तरी कामाच्या दोन दिवसांत सगळा पगार हातात पडला पाहिजे. वेतन संहिता, कलम १७. संहिता मंजूर झाली २०१९ साली, लागू झाली २१ नोव्हेंबर २०२५ पासून. काढून टाकलेल्या कामगारापुरतं हेच १९३६ च्या वेतन प्रदान कायद्यातही लिहिलेलं होतं. सिद्धगडच्या रानात भाई कोतवालांवर गोळ्या चालल्या त्याच्या आधीपासून हा नियम पुस्तकात आहे.

*

कोतवालांचं नाव निघालंच आहे तर. माथेरानच्या न्हावी घरातला मुलगा, जन्म १ डिसेंबर १९१२, शिकून वकील झाला. बेचाळीसच्या चळवळीत आझाद दस्ता उभा केला, विजेचे मनोरे पाडले. २ जानेवारी १९४३ ला पोलिसांनी सिद्धगडला गाठलं. ते आणि हिराजी पाटील तिथंच पडले. दर वर्षी त्या तारखेला माणसं जमतात, भाषणं होतात. भाषणांत मनोरे असतात, धान्य फारसं नसतं. शेतकऱ्यानं सावकाराच्या दारात जाऊ नये म्हणून कोतवालांनी धान्य उसनं देण्याची सोय केली होती, ती मनोऱ्यांच्या आधीची. मला ते काम जास्त धाडसाचं वाटतं. मनोरा पाडला तर सरकार चिडतं. धान्य उसनं दिलं तर गावातला माणूस चिडतो, आणि त्याच्या घरावरून रोज जावं लागतं.

*

वीटभट्टी. भात झोडून झालं, दिवाळी उरकली की कातकरी वाड्या ओस पडायला लागतात. मुरबाड-शहापूरची माणसं भिवंडीकडे, कल्याणकडे, पनवेलकडे, कुणी वसईपर्यंत. पावसाळ्यात घरातले तांदूळ संपलेले असतात, तेव्हा मुकादमानं बयाणा दिलेला असतो. तो फेडायला ही पायपीट. भट्टीवर नवरा-बायको मिळून एक जोडी. दर हजार विटांमागे. आठवड्याला बाजारापुरती खर्ची मिळते, बाकीचा हिशेब हंगाम सरताना, मृग तोंडावर आला की.

त्या हिशेबाला मी दोन-तीनदा शेजारी बसलो आहे. वही मुकादमाची, पेन मुकादमाचं, आकडे वाचणाराही मुकादमच. बयाणा, खर्ची, आजारपणात दिलेले पाचशे, अवकाळी पावसानं विरघळलेल्या कच्च्या विटा, सगळं एका बाजूला. दुसऱ्या बाजूला पाथलेल्या विटा, त्यातून तुटफूट वजा. शेवटी बेरीज होते आणि समजतं की अंगावर अजून चार हजार फिरतायत. नोव्हेंबरपासून मेपर्यंत दोघं चिखल तुडवतात, आणि येणं दूरच, देणं घेऊन घरी येतात. पुढच्या दिवाळीनंतर जायचं कुठे, हे तिथंच ठरून जातं.

पाऊस मालकाच्या विटांवर पडला, तर नुकसान मजुराचं का? हा प्रश्न त्या बैठकीत कुणीही विचारत नाही. मीही विचारला नव्हता; मला कुणी बोलावलं नव्हतं, आणि त्या माणसाला पुढच्या हंगामात त्याच मुकादमाकडे जायचं होतं.

*

बाईचं नाव वहीत नसतंच. जोडी म्हणजे नवरा. तो वारला, सोडून गेला, किंवा दारूच्या गुत्त्यावर मुकादमाशी परस्पर हिशेब मिटवून आला, की तिनं थापलेल्या निम्म्या विटांना धनी उरत नाही. अर्ज करताना दोघांची नावं वेगळी टाकावीत, मजुरी वेगळी मांडावी. कारकून कुरकुरतो. कुरकुरू दे.

*

१८ सप्टेंबर १९८२ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल, एशियाड खेळांच्या बांधकामावरच्या मजुरांचा. न्यायमूर्ती भगवतींनी सांगितलं की किमान वेतनापेक्षा कमी पैशात काम करून घेणं हीच सक्तीची मजुरी, घटनेच्या कलम २३ चा भंग. भूकही सक्ती करते, साखळदंडच लागतो असं नाही. वेठबिगारी बंदीचा कायदा त्याच्याही आधीचा, १९७६ चा. वेठबिगाराच्या डोक्यावरचं कर्ज तो पुसूनच टाकतो. तरी ठाणे जिल्ह्यात हा कायदा माणसांपर्यंत पोचायला ऐंशीच्या दशकात वसईत विवेक आणि विद्युल्लता पंडितांना कामाला लागावं लागलं, श्रमजीवी संघटना उभी राहावी लागली. तहसीलदारानं आपण होऊन वाडीवर जाऊन विचारलं असतं तर? कायद्यानं ते जिल्हाधिकाऱ्याचं आणि त्यानं नेमलेल्या अधिकाऱ्यांचंच काम होतं.

*

आता मूळ मुद्दा. पगाराचा दावा मंजूर झाला आणि मालकानं तरी पैसे दिले नाहीत, तर वसुलीचा दाखला जिल्हाधिकाऱ्याकडे जातो आणि रक्कम जमीन महसुलाची थकबाकी म्हणून वसूल करायची असते. औद्योगिक विवाद कायद्याच्या ३३-क मध्ये हे होतं, नव्या वेतन संहितेत कलम ४५ मध्येही आहे. महसूल संहितेचं कलम १७६ उघडलं की सगळी आयुधं दिसतात: मागणीची नोटीस, जंगम मालाची जप्ती, स्थावराची जप्ती आणि लिलाव, अगदी अटक आणि कैदसुद्धा.

या डोंगरपट्टीला ही आयुधं चांगली ओळखीची आहेत. शेतसारा, सावकाराचा हुकूमनामा, सोसायटीचं कर्ज, दर वेळी सरकारी कागद वरून खाली आला आणि इथल्या घरातलं काहीतरी घेऊन गेला. वसुली म्हटली की माणसं भांडी लपवत. हा दाखला म्हणजे तीच जप्ती, तोच शिक्का, तोच तलाठी, फक्त या खेपेला तो शेठच्या दारात जायचा आहे. आणि नेमका इथंच त्याचा पाय अडखळतो. शेतकऱ्याची थकबाकी असती तर मार्चअखेर गावात जीप आली असती. पगाराच्या दाखल्याला मार्चअखेर नसतो.

*

दाखला जातो तो आस्थापना ज्या जिल्ह्यात, तिथल्या जिल्हाधिकाऱ्याकडे. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा वेगळा झाला. म्हणजे मजूर मुरबाडचा, भट्टी वसईची, तर कागद पालघरला. पनवेलची असेल तर अलिबागला.

*

जानेवारी १९४५, टिटवाळा, किसान सभेची परिषद. इथून फार लांब नाही. तिथं आलेले वारली परत उंबरगाव-डहाणूकडे गेले आणि त्याच वर्षी वेठ बंद झाली, गवतकापणीचा संप झाला. मागणी काय होती? पाचशे पौंड गवताला अडीच रुपये. किती साधी आणि मोजता येणारी मागणी. ऑक्टोबरमध्ये तलवाड्याला त्यांच्यावर गोळीबार झाला. किसान सभेच्या गोदावरी परुळेकरांनी पुढे ते सगळं लिहिलं. त्या काळच्या हकिगती वाचताना माझं लक्ष वजनाकडे जातं: गवत कापलं किती हे जमीनदार ठरवणार, तर दराला काय अर्थ? भट्टीवरच्या वहीचीही तीच गोष्ट.

*

एमआयडीसीतला पोरगा भट्टीवर जाणाऱ्यापेक्षा सुखी, असं वाडीत मानतात. पगार बँकेत जमा होतो म्हणून. मग एक दिवस गेटवर वॉचमन सांगतो, उद्यापासून तुमच्या ठेकेदाराची माणसं नकोत. ठेकेदार फोन उचलत नाही. कंपनी म्हणते, तुम्ही आमचे नव्हेच. हे साफ खोटं. ठेकेदारानं बुडवलं तर ज्याच्या कारखान्यात काम झालं त्यानं द्यायचं, हे १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात होतं आणि वेतन संहितेतही (कलम ४३) आहे. पण ते गेटच्या बाहेर उभं राहून सांगायचं कुणाला?

*

पुरावा. मजुरी दिली हे सिद्ध करायचं ओझं आता मालकावर आहे (वेतन संहिता, कलम ५९). फार मोठी गोष्ट. फक्त आपण तिथं कामाला होतो, एवढं आपल्याला दाखवावं लागतं. कशानं दाखवतात लोक: भविष्यनिर्वाह निधीच्या पासबुकातली महिनावार नोंद, ईएसआयचं कार्ड, पगार जमा झाल्याचा बँकेचा मेसेज, गेटपास, मशीनपुढे उभं राहून काढलेला फोटो, मुकादमाचा ‘गाडी पाठवतोय, सहाला तयार राहा’ असा व्हॉट्सअ‍ॅप. हा शेवटचा पुरावा पोरं फोन बदलताना घालवून बसतात. दावा करायला पूर्वी बारा महिने मिळत, आता तीन वर्षं. फोन तीन वर्षं टिकत नाही.

*

२९ मार्च २०२० ला केंद्राचा आदेश: कोरोनाच्या टाळेबंदीत पूर्ण पगार द्या. १८ मेपासून आदेश गेला. १२ जूनला सर्वोच्च न्यायालय म्हणालं, मालक-कामगारांनी आपसात बोलून मिटवावं. आपसात! एकीकडे कारखाना, दुसरीकडे रेशनच्या रांगेतला माणूस.

*

कल्याणजवळ मोहन्याची एनआरसी. रेयॉनचा मोठा कारखाना, या भागातली कितीतरी घरं त्यावर चाललेली. २००९ मध्ये टाळं लागलं, पुढे प्रकरण दिवाळखोरीच्या कायद्यात गेलं, मालमत्ता अदानी समूहाकडे गेली आणि देण्यांसाठी कामगारांना आंदोलनं करावी लागली. दिवाळखोरी संहितेचं कलम ५३ म्हणतं, अवसायन सुरू होण्याच्या आधीच्या चोवीस महिन्यांची कामगारांची देणी तारण असलेल्या बँकांच्या बरोबरीनं. ऐकायला न्याय्य. पण टाळं लागणं आणि कागदोपत्री दिवाळं निघणं यांत वर्षंच्या वर्षं जातात; जुनी थकबाकी रांगेत मागे सरकते. भविष्यनिर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटीचा निधी मात्र या वाटपाच्या बाहेर आहे. तो आधी मागावा.

*

सरकारही पगार थकवतं. मनरेगाच्या मजुरीला पंधरा दिवसांवर उशीर झाला तर भरपाई ठरली होती दिवसाला ०.०५ टक्के. हजार रुपयांना रोजचे आठ आणे.

*

फुकट वकील. १९८७ च्या विधी सेवा कायद्यानं अनुसूचित जमाती, स्त्रिया आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्नाची अट नाही. तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करायचा, किंवा १५१०० ला फोन. मुरबाडच्या कोर्टात जाता येतं, निदान सुरुवातीला कल्याण वाचतं.

*

दाखला तहसीलला गेल्यावर महिन्यांनी उत्तर येतं: ‘सदर इसमाचे नावे मालमत्ता आढळून येत नाही.’ भट्टी भाड्याच्या जागेवर, ट्रक मेव्हण्याच्या नावावर. पण विटांना माती लागते, आणि माती गौण खनिज आहे. कुंभाराला सवलत असते. शेठला परवानगी काढावी लागते, स्वामित्वधन भरावं लागतं, आणि ते भरतात महसूल खात्याकडेच. मालमत्ता आढळत नाही म्हणणाऱ्या खात्याच्याच कपाटात त्याचं नाव, गट नंबर आणि किती ब्रास माती उचलली याचा कागद असतो. परवानगी काढलीच नसेल तर तो आणखी वेगळा गुन्हा, दंडासकट. तेव्हा अर्ज लिहितानाच भट्टीचा गट नंबर घालावा, आणि परवानगीची व चलनांची नक्कल माहितीच्या अधिकारात मागावी. फी दहा रुपये, दारिद्र्यरेषेखाली असेल तर तीही नाही. उत्तराची मुदत तीस दिवस. पोच घ्यायची, आवक क्रमांकासकट.