गौरीची गोळी आणि 'ती' गोळी

श्रावण संपत आला की आमच्या नवनगरच्या कॉलनीत बायकांचं एक गणित सुरू होतं. गौरी कधी आणि आपली तारीख कधी? जुळत नसेल तर पाळी पुढे ढकलायची गोळी आणायची. कधी सासूबाईच आठवण करतात, कधी कामावरून येताना दीर घेऊन येतात. "गुळगी घेतलीस का गं?" असं भर पंगतीत विचारलेलं मी ऐकलंय. (कन्नडच्या शेजारामुळे आमच्याकडे गोळीची गुळगी होते.)

हीच मंडळी 'त्या' गोळीचा विषय निघाला की आवाज खाली आणतात. माझ्या भाचीचं गेल्या वर्षी लग्न झालं. दोघांनी दोन वर्षं थांबायचं ठरवलं आणि तिनं डॉक्टरांना विचारून गोळ्या सुरू केल्या. पाकीट कुणाच्या तरी नजरेस पडलं आणि सल्ले सुरू झाले. "पहिलं होऊ दे, मग काय ते बघा." "पुढं राहायचंच नाही मग." खरं तर गोळ्या थांबवल्यावर दिवस राहू शकतात, त्या कायमचं वंध्यत्व आणत नाहीत. पण स्वयंपाकघरात डॉक्टरपेक्षा मोठ्या जाऊबाईंचं वजन जास्त.

गंमत पुढे आहे. पाळी ढकलायच्या गोळीत बहुधा नॉरएथिस्टेरॉन असतं. हे द्रव्य १९५१ साली मेक्सिकोत तयार झालं आणि पुढे संततिनियमनाच्या सुरुवातीच्या काही गोळ्यांत तेच वापरलं गेलं. मात्रा आणि घ्यायची पद्धत वेगळी, त्यामुळे गौरीच्या गोळीवर गर्भ टाळायला विसंबू नये. पण कूळ एकच! देवासाठी घेतली तर सोवळी, स्वतःसाठी घेतली तर ओवळी.

हा वाद आपल्या मराठी घरांना नवा नाही. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमन केंद्र काढलं. त्यापायी प्राध्यापकी गेली, पण १९२७ पासून १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिक त्यांनी चालवलं, खटलेही सोसले. १९३४ च्या खटल्यात त्यांची बाजू मांडायला डॉ. आंबेडकर उभे राहिले होते. अमेरिकेत गोळीला मान्यता मिळाली १९६० साली. कर्व्यांना ती पाहायला मिळाली नाही.

आपल्या भागाची गोष्ट तर आणखी चुटपुट लावणारी आहे. हरिहरला तुंगभद्रा ओलांडली की म्हैसूर संस्थान लागायचं. तिथं १९३० सालीच सरकारी दवाखान्यांत संततिनियमनाचा सल्ला मिळू लागला होता. धारवाड जिल्हा मात्र मुंबई प्रांतात. त्या प्रांताच्या विधानसभेत १९३८ साली आंबेडकरांचा संततिनियमनाचा ठराव आला. पुरुषांना प्रसूतीच्या कळा सोसाव्या लागल्या असत्या तर एकाहून जास्त मूल कुणी मागितलं नसतं, असं त्यांच्या भाषणात होतं. ठराव पडला. नदीच्या अल्याड राहणाऱ्या आमच्या पणज्या-आज्यांची आठ-आठ, दहा-दहा बाळंतपणं झाली ती याच काळात.

गोळी म्हणजे अमृत, असं मला म्हणायचं नाही. रक्तदाब, अर्धशिशी, रक्ताच्या गुठळ्यांचा त्रास असेल तर ती प्रत्येकीला चालत नाही. मैत्रिणीचं पाकीट बघून आणायची ती वस्तू नव्हे. आणि सगळा भार बाईनंच का घ्यायचा, हा भाचीचा प्रश्न मला गोळीविरुद्धच्या साऱ्या कुजबुजीपेक्षा खरा वाटतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के जणींची शस्त्रक्रिया झालेली होती, गोळी घेणाऱ्या ५.१ टक्के आणि पुरुष नसबंदी ०.३ टक्के. म्हणजे दोन मुलं झाल्यावर बाईचं 'ऑपरेशन' सगळ्या घराला मान्य. त्याआधी तिनं स्वतः ठरवून थांबणं तेवढं खुपतं.

यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला एखाद्या स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टरबाईंना बोलवावं, असं मी मंडळात सुचवलंय. सुना आणि लेकी दोघींनी यावं, जमलं तर जावई आणि मुलगेही. विषय सांगितल्यावर दोघी-तिघी गप्प झाल्या. एकीनं "शुगरवर ठेवू या की" म्हणून बघितलं. नको असं मात्र कुणी म्हटलेलं नाही.