अमानित्व

भगवद्गीतेच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणे सांगताना श्रीकृष्णांनी ज्या शब्दाला अग्रस्थान दिले, तो ‘अमानित्व’ हा शब्द आज आपल्या बोलण्यातून जवळजवळ उठून गेला, याची मला मनापासून खंत वाटते. ‘मन्’ म्हणजे मानणे, समजणे. या धातूपासून मान, मानी, अभिमान आणि स्वतःस पंडित समजणारा तो पंडितंमन्य असा सारा गोतावळा निघाला, आणि एका ‘अ’काराच्या बळावर त्या गोतावळ्याशी फारकत घेतलेला हा शब्द. इ.स. 1290 मध्ये सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीत ज्ञानदेव या शब्दापाशी रेंगाळतात. कोणी स्तुती करू लागले की व्याधाने कोंडलेल्या हरिणासारखा जो कासावीस होतो, बृहस्पतीइतकी सर्वज्ञता लाभूनही मोठेपणाच्या भयाने जो वेडेपणात दडून राहतो, त्याच्या ठायी हे लक्षण नांदते, असा त्यांचा अभिप्राय आहे.

याची गल्लत लाचारीशी होऊ नये. परभणी जिल्हा सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या अमलाखाली होता, आणि सरकारदरबारी गुजरणाऱ्या उर्दू अर्जांत स्वतःस ‘फिदवी’, म्हणजे जीव ओवाळून टाकणारा, किंवा ‘कमतरीन’, म्हणजे कनिष्ठांतला कनिष्ठ, म्हणवून घेण्याचा शिरस्ता होता. हुजुरांची मर्जी राखण्यासाठी वाकलेल्या त्या मानेत अमानित्वाचा लवलेशही शोधू नये. तेथे मान सुटलेला नसतो, केवळ गहाण पडलेला असतो.

याच जिल्ह्यातील गंगाखेडची जनाबाई गोदातीर सोडून पंढरपुरी संत नामदेवांचे वडील दामाशेटी यांच्या घरी आली, तेथे जन्मभर दळणकांडण करीत राहिली, आणि तिने आपल्या अभंगांवर ‘नामयाची दासी’ ही मुद्रा उमटवली. कबीर तिच्या दर्शनास आले, तेव्हा ती गोवऱ्यांवरून शेजारणीशी हमरीतुमरीवर आली होती, अशी लोककथा आहे. कालगणनेला ही भेट मानवत नाही. परंतु ज्या लोकांनी ती रचली, त्यांना जनी नेमकी कळली होती, असे मी म्हणेन. सरमिसळ झालेल्या गोवऱ्या ओळखायच्या कशा, असे विचारता ती सांगते की, कानाशी धरल्यावर जिच्यातून विठ्ठलनाम ऐकू येईल ती माझी. थोर पाहुणा दारी आला म्हणून तिने पदर सावरून संतपण पांघरले नाही आणि आपल्या हक्काची एक गोवरीही सोडली नाही. मग विठोबाची तरी भीड ती कशाला धरील? अंगणात उभी राहून ती त्याला ‘विठ्या’ म्हणून शिव्या घालते, आणि त्याच अभंगाच्या शेवटी स्वतःस दासी म्हणवते.